पांचवी खेप

चुकून हातीं आलेल्या द्रव्याचें काय करावें, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या पहिल्या धड्यांतला आहे, आणि त्याचें उत्तरहि बहुतेकांस ठाऊक असतें. वाण्यानें मोड देतांना एक नोट अधिक दिली तर ती परत करावयाची. कोणी करतो, कोणी करीत नाहीं; परंतु न करणाराहि ‘ती माझीच होती’ असें म्हणत नाहीं. तो ती लपवितो, आणि त्या लपविण्यांतच त्याची कबुली असते. पण हीच गोष्ट किंचित् बदलून पाहा. दोन भावांत वांटणीचा दावा चालला आहे. हिशेब तपासतांना न्यायाधीशाच्या हातून बेरजेंत चूक झाली, आणि तीमुळें एकाच्या वांट्याला चार बिघे जमीन अधिक आली. अपिलाची मुदतहि टळून गेली. आतां त्या भावानें ती जमीन परत करावी काय? येथें मात्र पुष्कळ सज्जन माणसें घुटमळतील. ‘मीं कोणाला फसविलें नाहीं, मीं खोटा कागद केला नाहीं, ज्याला देण्याचा अधिकार होता त्यानें दिली आणि मीं घेतली,’ असें तो भाऊ उजळ माथ्यानें म्हणेल, आणि ऐकणारे मान डोलावतील. म्हणजे वाण्याच्या चुकीचा लाभ ठेवणें ही चोरी, पण अधिकाऱ्याच्या चुकीचा लाभ ठेवणें हा मात्र हक्क! सरकारी शिक्का बसल्यानें चुकीची जात पालटते काय, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

हा प्रश्न कायद्याच्या ग्रंथांपेक्षां खेळाच्या मैदानावर मला अधिक स्वच्छ दिसतो. जमिनीच्या दाव्यांत जुनीं वैरें, गरज, पोराबाळांचें भवितव्य असा पुष्कळ गाळ मिसळलेला असतो. खेळांत तो नसतो, निदान नसावा. तेथें नियम छापलेले, वेळ मोजलेली, आणि हजारों लोक साक्षीला. अमेरिकेंतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासांत दोन सामने असे आहेत कीं, त्यांत नेमकी एकच चूक पन्नास वर्षांच्या अंतरानें घडली, आणि तिचा लाभ झालेल्या दोन विद्यापीठांनीं परस्परविरुद्ध वर्तन केलें. विचार करणाऱ्यास इतकें सोयीचें उदाहरण इतिहास सहसा पुरवीत नाहीं.

आपल्याकडे फुटबॉल म्हटलें कीं पायानें खेळावयाचा चेंडू डोळ्यांपुढें येतो. अमेरिकेंतला फुटबॉल निराळा. त्याचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांस निमुळता. तो हातांत घेऊन धांवावयाचें किंवा सोबत्याकडे फेंकावयाचा, आणि प्रतिपक्षानें धांवणाऱ्याला अंगावर झेप घेऊन खालीं पाडावयाचें. प्रत्येक बाजूस अकरा गडी. दोन अंतिम रेषांमध्यें शंभर यार्डांचें मैदान. चेंडू ज्यांच्या हातीं असेल त्यांना दहा यार्ड पुढें सरकण्यास चार प्रयत्न मिळतात. या प्रत्येक प्रयत्नास तिकडे ‘डाऊन’ म्हणतात. आपण त्याला खेप म्हणूं. चार खेपांत तेवढें अंतर तोडलें तर नव्या चार खेपा मिळतात. न तोडलें तर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन करावा लागतो. अंतिम रेषेपलीकडे चेंडू नेला कीं सहा गुण, आणि लगेच लाथेनें तो दोन खांबांमधून धाडला कीं आणखी एक. खेळ चालू असतां तसाच लाथाडून धाडला तर तीन. कितवी खेप चालली आहे हें दाखविणारा आंकड्यांचा फलक घेऊन एक माणूस मैदानाच्या कडेला उभा असतो. ह्या फलकाकडे वाचकांनीं विशेष लक्ष ठेवावें, कारण पुढें त्याचें काम पडणार आहे.

हा खेळ मुळांत मोठा सोज्ज्वळ होता आणि मागाहून बिघडला, असें समजण्याचें कारण नाहीं. रटगर्स आणि प्रिन्स्टन या महाविद्यालयांत पहिला सामना १८६९ मध्यें झाला, आणि त्यानंतर छत्तीसच वर्षांनीं, १९०५ च्या हंगामांत, मैदानावर इतके तरुण दगावले कीं अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन येथील मंडळींस बोलावून खेळ सुधारण्याची समज द्यावी लागली. तेव्हां जी हकीकत मी सांगणार आहें ती सत्ययुगांतली नव्हे.

१९४० सालीं कॉर्नेल विद्यापीठाचा संघ अमेरिकेंतील अग्रगण्य संघांपैकीं एक होता. मागील वर्षीं तो एकहि सामना हरला नव्हता. याहि हंगामांत त्यानें पहिले साही सामने जिंकले होते, वृत्तपत्रांच्या क्रमवारींत कांहीं आठवडे पहिलें स्थान मिळविलें होतें, आणि त्याची अपराजित सामन्यांची मालिका अठरावर गेली होती. १६ नोव्हेंबर रोजीं त्याची गांठ न्यू हॅम्पशायरमधील हॅनोव्हर या लहानशा गांवीं डार्टमथ महाविद्यालयाशीं पडली. डार्टमथचा तो हंगाम यथातथाच चालला होता. सातांपैकीं तीन सामने जिंकलेले, चार हरलेले. निकाल आधींच ठरल्यासारखा होता. परंतु त्या थंडगार, बर्फाळ दिवशीं डार्टमथचीं मुलें अशा कांहीं निकरानें खेळलीं कीं शेवटच्या पावतासापर्यंत कोणालाच गुण मिळाला नाहीं. आणि त्या पावतासांत डार्टमथनें लाथेनें तीन गुण मिळविले.

खेळ संपावयास मिनिटाहून कमी अवधि उरला असतां कॉर्नेलचा संघ प्रतिपक्षाच्या रेषेपासून सुमारें सहा यार्डांवर येऊन ठेपला. पहिली खेप झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. रेषा हातभर अंतरावर राहिली. मध्यें वेळ दवडल्याबद्दल कॉर्नेलला पांच यार्डांचा दंड झाला. मग चौथी खेप. वॉल्टर शॉल यानें चेंडू रेषेपलीकडे फेंकला. डार्टमथच्या गड्यानें तो हवेंतच उडवून खालीं पाडला. येथें सामना संपला होता. चार खेपा झाल्या होत्या, चेंडू डार्टमथला मिळावयाचा होता, आणि घड्याळांत कांहीं सेकंद तेवढे शिल्लक होते. परंतु मुख्य पंच रेड फ्रिझेल यांच्या मनांत कसला घोटाळा झाला कोण जाणे. त्यांनीं चेंडू पुन्हां कॉर्नेललाच दिला. पांचव्या खेपेस शॉलनें तो बिल मर्फीच्या हातीं अचूक पोंचविला. सहा गुण, वर एक. सात विरुद्ध तीन. कॉर्नेलची मालिका अभंग राहिली.

कॉर्नेलच्या संघाचें चलच्चित्र घेण्यांत आलें होतें. तें पुनःपुन्हां लावून खेपा मोजण्यांत आल्या, आणि दर वेळीं त्या पांचच भरल्या. सोमवारीं, म्हणजे सामन्यानंतर दोन दिवसांनीं, फ्रिझेल यांनीं आपली चूक लेखी मान्य केली. सामना संपतांच आपला अधिकार संपला, आतां निकाल फिरविणें आपल्या हातीं नाहीं, हेंहि त्यांनीं त्यांतच नमूद केलें. त्यांच्यावरील अधिकाऱ्यासहि निकाल फिरविण्याचा अधिकार नव्हता. म्हणजे नियमांच्या दृष्टीनें दार बंद झालें होतें, आणि तें कॉर्नेलच्या बाजूनें बंद झालें होतें. तें आंतून उघडणें एकट्या कॉर्नेलच्याच हातीं होतें, आणि त्यानें तें उघडलें. त्याच दिवशीं कॉर्नेलचे क्रीडाप्रमुख जेम्स लायना आणि संघाचे शिक्षक कार्ल स्नेव्हली यांच्याकडून डार्टमथला तारा गेल्या: विजयावरचा आमचा हक्क आम्ही सोडीत आहों, अभिनंदन. डार्टमथनें तें स्वीकारलें. सामना तीन विरुद्ध शून्य असा नोंदला गेला आणि आजहि तसाच नोंदलेला आहे. विद्यापीठाचे अध्यक्ष एडमंड एझ्रा डे यांचा या निर्णयास पाठिंबा होता. योगायोगाची गोष्ट अशी कीं ते स्वतः डार्टमथचे जुने विद्यार्थी. कोणी कुत्सितानें म्हणेल, त्यांनीं आपल्या माहेरासाठीं सासरचें दान केलें. परंतु चित्रांतल्या खेपा मोजण्यास माहेर-सासर आड येत नाहीं.

आतां या वर्तनाविरुद्ध जो गंभीर आक्षेप आहे तो नीट मांडला पाहिजे. खेळ हा संमतीनें निर्माण झालेला एक लहानसा राज्यकारभार आहे. त्यांत पंचाचा शब्द अखेरचा, ही संमतीची पहिली अट. गडी बाद आहे म्हणून पंच त्याला बाद म्हणतो असें नव्हे. पंच बाद म्हणतो म्हणूनच तो बाद. साठ मिनिटांच्या खेळांत पंचाच्या हातून अनेक चुका होतात. कोठें एखादा धक्का नजरेआड होतो, कोठें चेंडू वीतभर मागें ठेवला जातो. कॉर्नेलला लाभलेली एक चूक दुरुस्त करावयाची, तर कॉर्नेलला नडलेल्या चुका कोणी मोजावयाच्या? आणि एकदां सामना संपल्यावर घरीं जाऊन निकाल उकलूं लागलों, तर कोणताहि सामना कधींच संपणार नाहीं. हा आक्षेप पोकळ नाहीं. न्यायालयांचे निर्णय एका मुदतीनंतर पुन्हां उघडूं देत नाहींत तें याच कारणासाठीं. समाजाला न्याय हवा असतो, तसाच शेवटहि हवा असतो.

तथापि यांत दोन निरनिराळ्या चुका एका पोत्यांत भरल्या आहेत. चेंडू रेषेपलीकडे गेला कीं नाहीं, धक्का हेतुपुरस्सर होता कीं नाहीं, हे प्रश्न पाहण्याचे आणि अजमावण्याचे आहेत. त्यांत पंचाचें मत अखेरचें मानावयाचें असें आपण ठरवितों, कारण कोणाचें तरी मानलेंच पाहिजे. परंतु चारानंतर पांच येतात हें मत नव्हे. नियमानें चार खेपा दिल्या. त्या चारच्या पांच करण्याचा अधिकार पंचाला नियमानें दिलेलाच नाहीं. न्यायाधीशाला साक्षीदार खरा वाटला कीं खोटा हें त्याच्यावर सोपवितां येईल, पण दोन आणि दोन यांची बेरीज त्याच्यावर सोपवितां येत नाहीं. शिवाय सामन्याच्या आरंभीं झालेली चूक पुढच्या शेंकडों हालचालींत मिसळून जाते. तिचें फळ निराळें काढून दाखवितां येत नाहीं. शेवटच्या क्षणाची चूक तशी नसते. तिच्यापुढें दुसरें कांहीं घडावयास वेळच नसतो. हॅनोव्हरच्या मैदानावर पांचवी खेप काढून टाकली तर मागें काय उरतें, हें शाळेंतलें पोरहि सांगूं शकेल. मला वाटतें, कॉर्नेलचें वर्तन योग्य ठरतें तें यामुळें; केवळ त्यांचें मन मोठें होतें म्हणून नव्हे.

येथवर विचार सरळ चालतो. दुसरा सामना मध्यें आला कीं तो अडखळतो.

६ ऑक्टोबर १९९०. मिझूरी विद्यापीठाच्या मैदानावर कोलोरॅडो विद्यापीठाचा संघ खेळत होता. मिझूरीचे गुण एकतीस, कोलोरॅडोचे सत्तावीस. सुमारें तीस सेकंद उरले असतां कोलोरॅडोचे गडी रेषेपासून तीन यार्डांवर होते. पहिल्या खेपेस चार्ल्स जॉन्सन यानें चेंडू मुद्दाम जमिनीवर आपटला. असें केल्यानें घड्याळ थांबतें, पण एक खेप खर्ची पडते; घाईच्या वेळीं हा सौदा सर्वच संघ करतात. दुसऱ्या खेपेस एरिक बिएनेमी चेंडू घेऊन घुसला व रेषेच्या अलीकडे पडला. नंतर थोडा विराम घेण्यांत आला, आणि त्या गडबडींत कडेच्या फलकावरचा आंकडा बदलावयाचा राहिला. तिसरी खेप चालली असतां फलक ‘दोन’ दाखवीत होता. बिएनेमी पुन्हां अडविला गेला. चौथ्या खेपेस फलकावर ‘तीन’ होते. जॉन्सननें घड्याळ थांबविण्यासाठीं चेंडू पुन्हां जमिनीवर आपटला. दोन सेकंद उरले. आणि मग पांचवी खेप. जॉन्सन स्वतःच चेंडू घेऊन रेषेवर कोसळला. तो पलीकडे पोंचला असें पंचांनीं ठरविलें, तो पोंचलाच नाहीं असें कित्येक पाहणारे अजून म्हणतात. निकाल तेहतीस विरुद्ध एकतीस.

मिझूरीची तक्रार व्यर्थ गेली. संबंधित विद्यापीठ-मंडळानें पंचांना निलंबित केलें, परंतु सामन्यानंतर सुधारतां येईल अशी ही चूक नियमांत बसत नाहीं म्हणून निकाल कायम ठेवला. चेंडू कोलोरॅडोच्या अंगणांत आला. तेथील शिक्षक बिल मॅकार्टनी विजय परत करण्यास तयार झाले नाहींत. मैदान निसरडें होतें, आमचे गडी सारखे घसरत होते, अशी त्यांची तक्रार होती. गंमत अशी कीं मॅकार्टनी हे स्वतः मिझूरीचे जुने विद्यार्थी आणि तेथील संघांतले जुने खेळाडू. म्हणजे माहेरचें आकर्षण दोन्ही कथांत सारखेंच, आणि फळ मात्र उलट. तेव्हां एडमंड डे यांच्यावरचा तो कुत्सित आरोपहि येथेंच निकालांत निघतो.

कोलोरॅडोचा पुढील हंगाम पाहण्यासारखा आहे. टेनेसीशीं त्यांची बरोबरी झाली होती, इलिनॉयकडून एका गुणानें ते हरले होते. मिझूरीनंतर मात्र ते सगळे सामने जिंकत गेले, आणि १ जानेवारी १९९१ रोजीं नोत्र डाम विद्यापीठाला त्यांनीं दहा विरुद्ध नऊ असें हरविलें. त्या काळीं देशांतला सर्वोत्तम संघ ठरविणारा अंतिम सामना नसे. वृत्तपत्रकार आणि संघांचे शिक्षक आपापल्या मतांनीं तो ठरवीत. पत्रकारांनीं कोलोरॅडोला पहिलें स्थान दिलें. शिक्षकांनीं तें जॉर्जिया टेकला दिलें, आणि तेंहि एका गुणाच्या फरकानें. मिझूरीच्या मैदानावरची हार जर त्यांच्या खात्यांत पडली असती, तर हें अर्धें राष्ट्रीय अजिंक्यपदहि त्यांच्या वांट्याला येण्याचा संभव दिसत नाहीं.

कॉर्नेलच्या शेजारीं कोलोरॅडोला उभें करून निकाल देणें सोपें आहे, आणि गेलीं कित्येक वर्षें लोक तो देत आले आहेत. परंतु दोन्ही हकीकती सारख्या नाहींत. कॉर्नेलनें चौथ्या खेपेस खरोखरीचा प्रयत्न केला आणि तो फसला. कोलोरॅडोनें चौथ्या खेपेस प्रयत्न केलाच नाहीं. ती खेप त्यांनीं जाणूनबुजून वायां घालविली, कारण फलक ‘तीन’ सांगत होता. फलक खरें बोलता तर जॉन्सन चेंडू आपटता ना. तो त्याच खेपेस रेषेकडे झेपावला असता, आणि कदाचित् पोंचलाहि असता. तेव्हां ‘पांचवी खेप काढून टाका, मागें काय उरतें?’ हा जो प्रश्न हॅनोव्हरला लागू पडला, तो येथें तसाच लावतां येत नाहीं. पांचवी काढावयाची तर चौथीहि बदलावी लागते, आणि बदललेल्या चौथीचा निकाल कोणालाच ठाऊक नाहीं.

कोलोरॅडोच्या बाजूनें बोलणाऱ्या कोणाहि विचारी माणसाचा आधार हाच असणार, आणि मला तो आधार खरा वाटतो. त्यामुळें कोलोरॅडोला चोर म्हणणारांच्या पंक्तीस मी बसत नाहीं. परंतु या युक्तिवादानें सिद्ध काय होतें तेंहि तपासलें पाहिजे. मिझूरी निश्चित जिंकली असती असें म्हणतां येत नाहीं, एवढेंच त्यानें सिद्ध होतें. कोलोरॅडो जिंकली असती, असें त्यानें मुळींच सिद्ध होत नाहीं. ज्याचा मालक कोण हें ठरत नाहीं अशी वस्तु माझ्या घरांत येऊन पडली, तर ‘ती तुझी असल्याचें तुला दाखवितां येत नाहीं’ एवढ्यानें ती माझी होत नाहीं. शिवाय चारपर्यंत मोजणें हें केवळ फलकवाल्याचेंच काम होतें काय? मैदानाच्या कडेला शिक्षक होते, त्यांचे मदतनीस होते. फलकावर विसंबलों हें समर्थन आहे, पण तें अर्धें समर्थन आहे.

निसरड्या मैदानाची तक्रार मात्र मला त्याहून हलकी वाटते. एका अन्यायाची वजावट दुसऱ्या गाऱ्हाण्यांत करून घेण्याची ही रीत आपल्या ओळखीची आहे. महाभारतांत गदायुद्धाचा नियम मोडून भीमानें दुर्योधनाच्या मांडीवर प्रहार केला, तेव्हां बलराम नांगर उगारून धांवला. श्रीकृष्णानें त्याला आवरलें, आणि भीमाची प्रतिज्ञा, द्रौपदीची विटंबना, द्यूतांतलें कपट हीं सगळीं मागचीं देणीं मोजून दाखविलीं. तीं देणीं खोटीं नव्हतीं. मैदानाच्या निसरडेपणाशीं त्यांची तुलना करणेंहि हास्यास्पद होईल. तरीहि बलरामाचें समाधान झालें नाहीं. युद्धाचा निकाल त्यानें नाकारला नाहीं, पण त्या प्रहाराला धर्म म्हणण्यास तो तयार झाला नाहीं. रथांत बसून तो द्वारकेला निघून गेला. महाभारतकारानें बलरामाला वादांत जिंकूं दिलें नाहीं, पण हरूंहि दिलें नाहीं, याचें मला नेहमींच कौतुक वाटत आलें आहे. निकाल मान्य करणें आणि तो न्याय्य मानणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढें त्या प्रसंगानें दाखवून ठेवलें आहे. कोलोरॅडोला निदान तेवढें म्हणतां आलें असतें. तें मॅकार्टनी म्हणाले, पण आठ वर्षांनीं. १९९८ मध्यें त्या सामन्याबद्दल त्यांनीं जाहीरपणें पश्चात्ताप व्यक्त केला. अजिंक्यपद तेव्हां जुनें झालें होतें.

आणखी एक शंका राहते, आणि ती कॉर्नेलच्या बाजूची आहे. विजय सोडला कोणी? बर्फांत तासभर अंग ठेंचून घेतलें तें विद्यार्थ्यांनीं. तार केली क्रीडाप्रमुखांनीं आणि शिक्षकांनीं. वडीलधाऱ्यांच्या औदार्याची किंमत मुलांनीं भरली, म्हणजे हें हलवायाच्या घरावर तुळशीपत्रच नव्हे काय? पुढाऱ्यानें अनुयायांच्या वतीनें त्याग करावा किंवा नाहीं, हा प्रश्न खेळापुरता नाहीं. मुंबईकरांना याचें एक जवळचें उदाहरण आठवत असेल. फेब्रुवारी १९८० मध्यें वानखेडे मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत बॉब टेलर यास पंचानें यष्टिरक्षकाकडे झेलबाद ठरविलें. भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ जवळच उभे होते. चेंडू बॅटीला लागलाच नाहीं अशी त्यांची खात्री होती, म्हणून त्यांनीं पंचास सांगून टेलरला परत बोलावलें. इंग्लंडची अवस्था तेव्हां पांच बाद अठ्ठावन अशी होती. टेलर आणि बोथम यांनीं पुढें एकशें एकाहत्तर धांवांची भागी केली, आणि भारत दहा गड्यांनीं हरला. विश्वनाथांनीं संघाच्या मालकीची वस्तु परस्पर दिली, असें म्हणणारे तेव्हांहि होते आणि आजहि भेटतात.

मला हा आक्षेप मान्य नाहीं, आणि त्याचें कारण दोन्ही ठिकाणीं एकच आहे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणें दोषास्पद होतें तें घर हलवायाचें असतें म्हणून. टेलरचा बळी भारतीय गोलंदाजानें मिळविलेलाच नव्हता. चार खेपांत कॉर्नेलच्या मुलांनीं रेषा ओलांडलेलीच नव्हती. जें त्यांचें नव्हतें तें त्यांच्यापासून कोणी हिरावून घेतलें नाहीं. त्यांच्यापासून हिरावली गेली ती एक समजूत, आणि दोन दिवस साजरा केलेला आनंद. तें दुःख लहान नाहीं, विशेषतः विसाव्या वर्षीं. पण लहान नसलेलें प्रत्येक दुःख अन्याय नसतें. उलट मुलांची मनें दुखावतील म्हणून अध्यक्षांनीं चित्र दडपून ठेवलें असतें, तर विद्यापीठानें त्या मुलांना काय शिकविलें असतें याचा हिशेब आक्षेप घेणाऱ्यांनीं मांडून पाहावा.

म्हणूनच कॉर्नेलच्या कृतीला औदार्य म्हणण्याची जी पद्धत पडली आहे ती मला पटत नाहीं. औदार्य म्हणजे आपलें देणें. हें दुसऱ्याचें परत करणें होतें. वाण्याच्या नोटेसारखें, केवळ ओझें अधिक. कर्तव्य तेवढेंच राहतें, पण तें पार पाडण्याचे श्रम मात्र प्रसंगागणिक वाढतात. परत मागण्याचा कोणालाच अधिकार नाहीं, ठेवून घेण्यास नियमाची आडकाठी नाहीं, अठरा सामन्यांची मालिका पणास लागलेली, आणि सगळा देश पाहतो आहे. अशा वेळीं नोट परत करण्यास हात जड होतो. आपण जी वाहवा करतों ती या जड हाताची करतों, आणि ती करावीच.

डार्टमथविषयीं कोणी फारसें लिहीत नाहीं, पण त्यांनींहि एक गोष्ट नीट केली. आपल्याकडे परत आलेली वस्तु घेतांना ‘छे, छे, राहूं द्या’ असें दोनदां म्हटल्याशिवाय आपलें सौजन्य पुरें होत नाहीं. डार्टमथ तशा कांहीं शिष्टाचाराच्या भानगडींत पडलें असतें, तर तो विजय दोन सज्जनांच्या मध्यें लोंबकळत राहिला असता. त्यांनीं अभिनंदन स्वीकारलें आणि गुण आपल्या वहींत लिहून घेतले. जें आपलें आहे तें संकोच न करतां घेणें यालाहि एक सरळपणा लागतो.

आणि फ्रिझेल? सगळ्या हकीकतींत माझें मन अखेर त्या पंचावर येऊन ठरतें. कॉर्नेलला देण्यासारखें कांहीं तरी होतें. त्याच्या मोबदल्यांत कीर्ति मिळाली. फ्रिझेल यांच्या लेखानें निकाल बदलणार नव्हता, हें त्यांना ठाऊक होतें आणि त्यांनीं तसें लिहिलेंहि. ते गप्प बसते तर पंचाचा शब्द अखेरचा या नियमाच्या आड त्यांना सुखानें राहतां आलें असतें. चित्र पाहून लोक बोलले असते आणि विसरलेहि असते. ज्या माणसाचा धंदाच बरोबर असण्याचा आहे, त्यानें आपण चुकलों असें लिहून सही करणें, आणि तेंहि त्या लिहिण्याला कायद्यानें कसलीच किंमत नसतां! त्या कागदाखेरीज कॉर्नेलच्या तारा गेल्या असत्या कीं नाहीं, हें सांगतां येत नाहीं. पण त्या कागदानंतर त्या न पाठविणें पुष्कळच अवघड झालें असतें.

पुढच्याच आठवड्यांत कॉर्नेलचा संघ पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाशीं खेळला आणि बावीस विरुद्ध वीस असा हरला. त्या सामन्याच्या निकालाविषयीं कोणाची तक्रार नव्हती.